पाणकावळा कावळा का नव्हे : पक्ष्यांचा वंश, त्यांचा प्रसार आणि डी. एन. ए.चा पुरावा

पाणकावळा हा कावळा नव्हे आणि पाणकोंबडी ही कोंबडी नव्हे. हे मराठी भाषकास कोणी सांगावे लागत नाही. अशा नावातील दुसरे पद उपमेसारखे योजलेले आहे, हे तो जाणतो. परंतु इंग्रजांनी जेव्हा भारद्वाजास कावळा आणि फेझंट या दोहोंच्या नावांचा जोड देऊन संबोधिले, किंवा आपल्याकडे ज्यास स्वर्गीय नर्तक म्हणतात त्या लांब शेपटीच्या पक्ष्यास ‘स्वर्गीय माशीमार’ ठरविले, तेव्हा त्या नावांत उपमा किती आणि नात्याचे विधान किती, हे सांगणे तितकेसे सोपे राहिले नाही. भारद्वाज कोकिळेच्या कुळातील आहे. स्वर्गीय नर्तक हा खऱ्या माशीमारांचा कोणी नसून कोतवाल, हळद्या आणि कावळा यांच्या गोतावळ्यात मोडतो. यांपैकी पहिली गोष्ट शरीररचनेवरून जुन्या शास्त्रज्ञांसही कळलेली होती. दुसरी निश्चितपणे कळली ती गेल्या काही दशकांत, डी. एन. ए.च्या अभ्यासामुळे.

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने या विषयात लक्ष का घालावे, असा प्रश्न येथे कोणी विचारील. त्याचे एक उत्तर ऐतिहासिक आहे. भाषाकुलांचे वंशवृक्ष काढणाऱ्या आउगुस्ट श्लायखरने १८६३ सालीच डार्विनच्या सिद्धान्तावर एक पुस्तिका लिहून, आपण भाषांविषयी जे म्हणत आलो तेच आता जीवांविषयी म्हटले जात आहे, असे दाखवून दिले होते. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. डी. एन. ए. हाती आला आणि पक्ष्यांच्या वंशाचा प्रश्न सुटला, असा एक समज सर्वत्र रूढ आहे. वस्तुस्थिती तशी नाही. डी. एन. ए.ने संशोधकास एक फार मोठी संहिता दिली. ती कशी वाचावयाची, हा प्रश्न मागे उरलाच. आणि तो प्रश्न आपल्या शास्त्रात ज्या रूपाने शंभर-दीडशे वर्षे चर्चिला गेला, जवळजवळ त्याच रूपाने तो पक्षिशास्त्रातही उभा राहिला. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

प्रथम संहितेविषयी थोडेसे. पक्ष्याच्या प्रत्येक पेशीच्या केंद्रकात सुमारे शंभर कोटी अक्षरांचा एक मजकूर असतो. अक्षरे चारच. ह्याखेरीज पेशीतील तंतुकणिकांत सोळा-सतरा हजार अक्षरांचा एक छोटा स्वतंत्र मजकूर असतो. तो केवळ मातेकडून संततीस मिळतो. पिढीगणिक ह्या मजकुरांची नक्कल होते, नकलेत क्वचित् एखादे अक्षर बदलते, आणि बदललेले अक्षर पुढील पिढ्यांत उतरत जाते. एका समूहाचे दोन समूह होऊन त्यांचा संबंध तुटला म्हणजे दोहोंकडे निराळे बदल साचू लागतात. हस्तलिखितांच्या परंपरेशी ज्यांचा परिचय आहे त्यांस याहून अधिक सांगण्याची आवश्यकता नाही.

आता दोन मजकुरांत साम्य आढळले तर त्यावरून काय सिद्ध होते? येथेच पहिली पायरी निसरडी आहे. मराठी आणि गुजराती या दोन्ही भाषांत नपुंसकलिंग टिकून आहे. हिंदीत ते लोपले. एवढ्यावरून मराठी-गुजरातीचा एक स्वतंत्र पोटवंश होता असे कोणी म्हणू लागला, तर पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही त्यास अडवील. नपुंसकलिंग हा संस्कृतातून चालत आलेला ठेवा आहे. दोन भावांनी तो स्वतंत्रपणे जपला असेल, तिसऱ्याने तो गमावला असेल. जपणुकीवरून जवळीक ठरत नाही. जवळीक ठरते ती समाईक परिवर्तनावरून, म्हणजे मूळ स्थितीत नसलेला बदल दोघांत एकदाच, एकत्र असताना घडला असेल तर. लेस्कीन आणि ब्रुगमान यांनी १८७६ ते १८८४ या काळात हे तत्त्व भाषाशास्त्रात स्पष्टपणे मांडले. जीवशास्त्रात त्यास पद्धतशीर रूप मिळण्यास जर्मन कीटकशास्त्रज्ञ विली हेनिग याचा १९५० सालचा ग्रंथ यावा लागला. आपल्या शास्त्राच्या वाट्याला आलेले अग्रेसरत्व थोडे आहे. ह्या बाबतीत ते होते, हे नमूद करण्यास हरकत नसावी.

समाईक परिवर्तनातही फसगत होऊ शकते. ‘चाक’ आणि ‘चीड’ या शब्दांतील दोन च-कारांचा जो भेद मराठीत आहे, तसाच भेद, बऱ्याच अंशी त्याच स्वरांच्या सान्निध्यात, तेलुगूतही आढळतो. पण म्हणून मराठी द्राविडी ठरत नाही. हा शेजाराचा परिणाम आहे, वंशाचा नव्हे. पक्ष्यांतही सारख्या परिस्थितीत राहणाऱ्या, सारखे अन्न शोधणाऱ्या भिन्न वंशांस सारखीच चोच आणि सारखेच पंख येतात. ह्या एका कारणाने ऑस्ट्रेलियातील पक्ष्यांचा इतिहास शतकाहून अधिक काळ उलटा वाचला गेला.

तो प्रसंग थोडा विस्ताराने पाहण्यासारखा आहे.

युरोपातून ऑस्ट्रेलियात गेलेल्या वसाहतवाल्यांस तेथे जे पक्षी दिसले त्यांस त्यांनी घरच्या पक्ष्यांची नावे दिली. तांबड्या छातीचा दिसला तो रॉबिन. आखूड शेपूट उभारून झुडपांत वावरणारा तो रेन. झाडाच्या सालीवर चढणारा, सालीवरून उलटा उतरणारा, थव्याने कलकलाट करणारा, काळापांढरा आणि धीट, अशा एकेकास युरोपातील किंवा आशियातील एकेका कुलाचे नाव मिळाले. ही नावे लोकव्यवहारातच राहिली असती तर चिंता नव्हती. परंतु वर्गीकरणकारांनीही त्या पक्ष्यांस त्याच कुलांच्या चौकटींत बसविले. एकदा तसे झाल्यावर प्रसाराचा इतिहास आपोआप ठरून गेला. कुल युरोप-आशियातले, त्याचे तुरळक प्रतिनिधी ऑस्ट्रेलियात, तेव्हा ते आशियातून बेटाबेटांवरून तेथे गेले असले पाहिजेत. एर्न्स्ट मायर याच्यासारख्या थोर अभ्यासकानेही १९४० नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियाचे पक्षी आशियातून एकामागून एक आलेल्या लाटांनी तेथे पोहोचले, अशीच उपपत्ती मांडली. मायरचे तर्कशास्त्र निर्दोष होते. दोष होता तो नावांत.

ह्या चित्राला पहिला मोठा धक्का दिला तो चार्ल्स सिब्ली आणि जॉन आल्क्विस्ट या अमेरिकन संशोधकांनी. १९६० नंतरच्या दशकात सिब्ली पक्ष्यांच्या अंड्यांतील पांढऱ्या बलकाची प्रथिने तपासून नाती शोधू पाहत होते. त्यातून निर्णायक असे फारसे निघाले नाही. १९७० नंतर ते डी. एन. ए.च्या संकरणाकडे वळले. ह्या पद्धतीचे मर्म साधे आहे. डी. एन. ए.चे दोन धागे परस्परांत गुंतलेले असतात. तापविल्यास ते सुटतात, निववल्यास पुन्हा जुळतात. दोन भिन्न जातींचे सुटे धागे एकत्र मिसळले तर त्यांची मिश्र जोडी बनते. पण जेथे अक्षरे जुळत नाहीत तेथे पकड सैल राहते, आणि अशी जोडी कमी तापमानावर सुटते. एका अंशाचा फरक म्हणजे सुमारे शेकडा एक अक्षरांचा भेद, असा ढोबळ हिशेब. ह्या रीतीने सुमारे १,७०० जातींची परस्परांशी तुलना करून त्यांनी १९९० साली आपले बृहत् वर्गीकरण प्रसिद्ध केले.

निष्कर्ष असा निघाला की, ऑस्ट्रेलियातील ‘रॉबिन’, ‘रेन’, ‘सातभाई’, मधुभक्षी पक्षी आणि इतर अनेक हे युरोप-आशियातील आपापल्या नामसख्यांचे कोणी लागत नाहीत. ते परस्परांचे मात्र नातलग आहेत. एकाच वंशाने त्या एकाकी भूखंडावर निरनिराळे व्यवसाय पत्करले, आणि व्यवसायानुरूप त्यास निरनिराळी रूपे आली. आशियातून आलेल्या लाटा म्हणून ज्यांची गणना झाली होती, त्यांपैकी बहुतेक लाटा नव्हत्याच.

हे काम क्रांतिकारक होते, पण त्याची पद्धत आपल्या ओळखीची आहे आणि तिचे व्यंगही. मॉरिस स्वाडेश याने १९५० नंतर प्रचारात आणलेल्या शब्दगणनेची ती जणू प्रयोगशाळेतील आवृत्ती होय. शंभर-दोनशे मूलभूत शब्द घ्यावे, दोन भाषांत किती जुळतात ते मोजावे आणि एक टक्केवारी काढावी. आकडा एकच मिळतो. त्यात जपलेले किती, बदललेले किती आणि बदल कोणत्या दिशेने झाला, हे मिसळून गेलेले असते. सिब्ली-आल्क्विस्ट यांच्या तापमानातही हेच होते. (त्यांनी काही आकड्यांत केलेल्या दुरुस्त्यांवरून पुढे बराच कटू वाद झाला, त्यात येथे शिरण्याचे कारण नाही.) त्यांच्या वृक्षात गायक पक्ष्यांचे दोन समकक्ष विभाग पडले. एक मुख्यतः ऑस्ट्रेलियाचा, त्यातच कावळेही आले. दुसरा मुख्यतः उर्वरित जगाचा. दोन सारख्या फांद्या असल्या म्हणजे मूळ कोठले हे सांगता येत नाही. ऑस्ट्रेलियातील पक्षी परस्परांचे नातलग आहेत हे कळले. कोण कोठून कोठे गेला, हे कळले नाही.

ते कळण्यास प्रत्यक्ष अक्षरे वाचावी लागली. लेस क्रिस्टिडिस आणि रिचर्ड शॉड यांनी १९९१ साली प्रथिनांच्या पुराव्यावरून गायक पक्ष्यांचे मूळ दक्षिणेकडील भूखंडांवर असावे असे सुचविले होते. २००२ ते २००४ या काळात पेर एरिक्सन, कीथ बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निवडक जनुकांची अक्षरे ओळीने लावून वृक्ष काढले, तेव्हा दोन समकक्ष विभागांची ती मांडणी टिकली नाही. गायक पक्ष्यांच्या वृक्षात अगदी बुंध्याशी पहिली फांदी फुटते ती ऑस्ट्रेलियातील वीणापक्ष्यांची. त्यानंतर कुंजपक्षी व तेथील सालचढे, नंतर तेथील ‘रेन’ व मधुभक्षी, नंतर तेथील ‘सातभाई’. बुंध्यालगतच्या ह्या साऱ्या फांद्या ऑस्ट्रेलिया व न्यू गिनी येथील. उर्वरित जगातील गायक पक्षी त्यांच्या वरच्या अंगास, आतल्या बाजूस फुटलेल्या शाखांत येतात. आपल्या अंगणातील कावळा, चिमणी, साळुंकी, बुलबुल आणि दयाळ ही मंडळी त्यांतलीच. (कावळ्याची गणना गायक पक्ष्यांत होते हे ऐकून हसू येईल; पण ही गणना कंठरचनेवरून व वंशावरून होते, गोडव्यावरून नव्हे.) याच्याही मागे जाऊन पाहिले, तर चिमणीवर्गातील सर्व पक्ष्यांत सर्वांत आधी वेगळी पडलेली शाखा न्यूझीलंडच्या एका चिमुकल्या कुलाची निघाली. त्यासही वसाहतवाल्यांनी ‘रेन’ हेच नाव दिलेले आहे, हे ओघाने आलेच.

अशा वृक्षावरून मूलस्थान कसे निश्चित करतात, हे ऑस्ट्रोनेशियन भाषांच्या उदाहरणाने चटकन समजेल. रॉबर्ट ब्लस्ट यांच्या १९९९ सालच्या वर्गीकरणात ह्या कुलाच्या दहा मुख्य शाखा आहेत. त्यांपैकी नऊ केवळ तैवानमध्ये आढळतात. मादागास्करपासून ईस्टर बेटापर्यंत पसरलेल्या शेकडो भाषा उरलेल्या एकाच शाखेत बसतात. भाषकांची संख्या आणि प्रदेशाचा विस्तार दुसरीकडे कितीही असो, जेथे सर्वांत जुने फाटे एकवटलेले आहेत तेथून कुल पसरले असे मानण्यास स्थलांतरांची कल्पना सर्वांत कमी करावी लागते. सेपीरने १९१६ साली अमेरिकेतील मूळ भाषांसंबंधी हाच युक्तिवाद केला होता. गायक पक्ष्यांच्या जाती आज सुमारे पाच हजार आहेत, म्हणजे जगातील पक्ष्यांच्या निम्म्याच्या जवळपास. त्या बहुसंख्येने ऑस्ट्रेलियाबाहेर आहेत. परंतु जुने फाटे तेथे आहेत. मायरच्या लाटा खऱ्या होत्या असे म्हणावयाचे तर त्यांची दिशा उलटी धरावी लागते.

प्रसाराचा मार्ग आणि काळ यांविषयी रॉबर्ट मॉयल व सहकाऱ्यांनी २०१६ साली जे मांडले ते असे : गायक पक्ष्यांच्या आजच्या शाखा फुटू लागल्या त्या सुमारे ३.३ कोटी वर्षांपूर्वी, सुमारे २.३ कोटी वर्षांपूर्वी उत्तरेकडे सरकणारा ऑस्ट्रेलियाचा भूखंड आशियाशी भिडू लागला, मधल्या समुद्रात आज सुलावेसी व मोलुकास म्हणून ओळखली जाणारी बेटे डोके वर काढू लागली, आणि त्या बेटांच्या पायरस्त्याने हे पक्षी बाहेर पडले. कालगणना सोडली तरी भूगोल आणि वृक्ष यांचा हा मेळ मनास पटणारा आहे.

कालगणना मात्र सोडता येत नाही, आणि येथे आपल्या शास्त्रास अनुभवाने आलेला सावधपणा उपयोगी पडण्यासारखा आहे. जीवद्रव्यातील बदल ठराविक गतीने साचतात, म्हणून त्यांचा घड्याळासारखा उपयोग करावा, ही कल्पना झुकरकांडल आणि पॉलिंग यांनी १९६२ मध्ये मांडली. स्वाडेशची भाषिक कालगणना तिच्या दहाएक वर्षे आधीची. तिचे पुढे काय झाले हे सर्वविदित आहे. १९६२ सालीच बेर्गस्लान आणि व्होग्त यांनी आइसलँडी भाषेचे उदाहरण देऊन दाखविले की, तिच्या मूलभूत शब्दसंग्रहात हजार वर्षांत झालेला बदल स्वाडेशच्या अपेक्षेहून कितीतरी कमी आहे. पक्ष्यांच्या तंतुकणिकांतील एका विशिष्ट जनुकाची गती दहा लाख वर्षांत दोन समूहांमध्ये सरासरी शेकडा दोन अशी धरतात. २००८ साली वीर आणि श्लुटर यांनी अनेक जीवाश्म व भूघटना आधारास घेऊन केलेल्या पडताळणीत तिला बराच आधार मिळाला. पण ती सरासरी आहे. मोठ्या शरीराच्या, दीर्घायुषी समुद्रपक्ष्यांत घड्याळ मंद चालते. लहान गायक पक्ष्यांत वेगाने. म्हणून आजचे संशोधक प्रत्येक शाखेस निराळी गती असू शकते असे मानूनच हिशेब करतात आणि त्यास जीवाश्मांची मेख मारतात. आणि मेख कोठे मारावी हाच वादाचा विषय. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधील मर्गन येथे सापडलेली, सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीची दोन इवलीशी हाडे वॉल्टर बोल्स यांनी १९९५ साली गायक पक्ष्याची म्हणून प्रसिद्ध केली. ती तशी मानली तर वर दिलेला ३.३ कोटींचा आकडा फारच अलीकडचा ठरतो. ती चिमणीवर्गातील एखाद्या आद्य शाखेची मानली तर विसंगती पुष्कळ कमी होते. प्रस्तुत लेखकाच्या मते शाखांचा क्रम आणि त्यांची वर्षे ही दोन निराळ्या दर्जाची विधाने आहेत. पहिले पुराव्याने सिद्ध होते, दुसरे अनुमानाने मांडले जाते. लोकप्रिय लेखनात ही दोन्ही एकाच सुरात सांगितली जातात ते बरोबर नाही.

संहिता जितकी मोठी तितका निर्णय पक्का, अशी एक समजूत ह्या क्षेत्रातही बराच काळ होती. २०१४ साली ४८ जातींच्या संपूर्ण जनुकसंहिता लावून पक्ष्यांचा एक वृक्ष प्रसिद्ध झाला. त्यात रोहित व डुबकीबदक यांचा गट पारव्या-कबुतरांच्या गटाशी जोडला गेला. बाह्यतः ह्या दोहोंत काहीच साम्य नाही, तरी डी. एन. ए. तसे सांगतो म्हणून ते मान्य झाले. २०२४ साली ३६३ जातींचा वृक्ष आला आणि ही जोडी सुटली. त्याच वर्षी सियावश मीरारब व सहकाऱ्यांनी दाखविले की, आधीच्या निष्कर्षामागील बळ बव्हंशी चौथ्या गुणसूत्रावरील एकाच पट्ट्यातून, सुमारे दोन कोटी अक्षरांतून, येत होते. तो पट्टा प्राचीन काळी कधी काळी अखंड एकगठ्ठा वारशाने उतरत राहिला असावा. इतरत्र मातापित्यांकडील अक्षरांची जी फेरजुळणी पिढीगणिक होते ती तेथे थांबली होती. त्यामुळे त्यातील लक्षावधी अक्षरे म्हणजे लक्षावधी साक्षीदार नव्हते. एकाच साक्षीदाराची ती लांबलेली जबानी होती.

महाभारताच्या संशोधित आवृत्तीची प्रस्तावना ज्यांनी वाचली आहे त्यांस हे अपरिचित वाटणार नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात डॉ. सुकथनकर यांनी आदिपर्वाच्या हस्तलिखितांची वर्गवारी करताना (ते पर्व १९३३ साली पूर्ण झाले) प्रतींची संख्या मोजून पाठ ठरविण्याचे नाकारले. एका मातृकेवरून उतरलेल्या वीस प्रतींचे मत एकच. शिवाय लेखकांनी निरनिराळ्या परंपरांच्या प्रती समोर ठेवून पाठांचे मिश्रण केल्यामुळे शुद्ध वंशवृक्ष काढणेच दुर्घट झाले होते. पक्ष्यांतही जवळच्या जातींचा संकर होऊन जनुकांची अशीच देवघेव होते, आणि शाखा थोड्या काळात भराभर फुटल्या असतील तर जुने पाठभेद निवडले न जाता पुढे कसेही वाटले जातात. म्हणून एका जनुकाचा वृक्ष आणि जातींचा वृक्ष हे एकच असतात असे धरून चालता येत नाही. योहान्नेस श्मिटने १८७२ साली वृक्षाच्या जोडीस तरंगांची कल्पना मांडली, तिची आठवण येथे होते.

आतापर्यंत भूखंडांचा विचार झाला. हीच पद्धत एखाद्या पर्वतराजीवर, दोन डोंगरांमधील एका खिंडीवर लावली असता काय दिसते, हे पाहण्यासाठी सह्याद्रीच्या दक्षिण भागाकडे वळू. तेथे प्रश्न तात्त्विक राहत नाही.

निलगिरी, अनमलाई, पळणी आणि त्यांच्या दक्षिणेचे अगस्त्यमलाईकडील डोंगर यांच्या माथ्यावर, सुमारे १,४०० मीटरच्या वर, घळींतून वाढणारी खुजी सदाहरित वने आहेत. त्यांस शोला म्हणतात. मधल्या सखल दऱ्या ह्या वनांतील पक्ष्यांच्या दृष्टीने समुद्रच होत. त्यांपैकी सर्वांत मोठी पालघाटची खिंड, तीस ते चाळीस किलोमीटर रुंद. तिच्या दक्षिणेस शेंकोट्टाची खिंड, बरीच अरुंद. ह्या शोलांत जमिनीलगत वावरणारा एक निळसर पक्षी आहे. त्यास हिमालयातील एका आखूड पंखांच्या पक्ष्याचा सजातीय मानून त्याच प्रजातीत घातले होते. दुसरा एक कर्कश आवाजाचा पक्षी. त्यास इंग्रजीत ‘हसरा कस्तूर’ असे नाव.

येथे सातपुड्याचा उल्लेख आवश्यक आहे. हिमालयातील आणि सह्याद्रीतील प्राण्यांत जे साम्य दिसते त्याची उपपत्ती म्हणून सुंदरलाल होरा यांनी १९४० नंतरच्या दशकात असे सुचविले होते की, पूर्वी अधिक पर्जन्याच्या काळी विंध्य-सातपुड्याच्या डोंगररांगांवरून हे प्राणी पश्चिमेस सह्याद्रीपर्यंत आले असावेत. होरा मत्स्यशास्त्रज्ञ; त्यांचा मुख्य आधार डोंगरी प्रवाहांतील मासे. सालिम अली यांनी १९४९ साली हीच कल्पना पक्ष्यांस लावून पाहिली आणि सातपुड्याच्या ओळीस पक्ष्यांचा राजमार्ग म्हटले. कल्पना सुंदर आहे. परंतु ती जातीजातींच्या जोड्यांवर उभी आहे : एक हिमालयात, तिचीच बहीण सह्याद्रीत, मध्ये काही नाही. जोडी खरी असेल तर प्रश्न खरा.

व्ही. व्ही. रॉबिन, उमा रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या डोंगरमाथ्यांवरील पक्ष्यांचा जो अभ्यास केला त्यात यांतील एक जोडी तरी खोटी ठरली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी दाखविले की, तो निळसर पक्षी हिमालयातील आखूडपंख्यांचा सजातीय नसून निळ्या माशीमारांच्या गटाचा नातलग आहे, आणि त्यांतही इतका दूरचा की, त्यास स्वतंत्र प्रजाती द्यावी लागली. ‘हसऱ्या कस्तुरा’चेही तसेच, कस्तुरांशी तर त्याचा काही संबंध नाहीच, तो आपल्या सातभाईंच्या कुलातील आहे, पण त्या कुलातही त्याची प्रजाती स्वतंत्र. ह्यावरून होरांची उपपत्ती खंडित झाली असे मात्र मुळीच म्हणता येणार नाही. निळे माशीमार हिमालयातही आहेत आणि सह्याद्रीतही. कोणाचे पूर्वज कोणत्या वाटेने आले हा प्रश्न प्रत्येक वंशास स्वतंत्रपणे विचारावा लागेल, एवढेच ठरले. एका वाटेने सर्वांस नेण्याचा मोह आवरला पाहिजे.

ह्याच गटाने २०१५ साली नऊ ठिकाणांहून २३ जातींच्या ३५६ पक्ष्यांचे नमुने घेऊन एक निराळी तपासणी केली होती. २३ पैकी १० जातींत सर्वांत जुनी फारकत पालघाटच्या खिंडीवर आढळली. त्या दहांपैकी काहींत अरुंद खिंडींवर त्याहून अलीकडच्या फारकती होत्या. उरलेल्या बहुसंख्य जातींना खिंडीचा अडसर जाणवलेला दिसत नाही. आणि ज्यांना जाणवला त्यांच्याही फारकती एकाच काळच्या नाहीत. खिंड तीच, पक्षी वेगवेगळ्या वेळी तिच्या दोन्ही बाजूंस अडकले. हवामान कोरडे-ओले होताना शोलांची वने जशी खालीवर सरकली तसे हे घडले असावे. समभाषारेषांचा नकाशा काढणाऱ्यास हे चित्र परके वाटू नये. एकच घाट काही शब्दांस अडवितो, काहींस नाही.

ह्या साऱ्याचा व्यवहाराशी संबंध असा. जोवर ‘शोलातील निळा पक्षी’ ही एकच विस्तृत जात मानली जात होती तोवर एखाद्या डोंगरावरून तो नाहीसा झाला तरी जात शिल्लक आहे असे म्हणता येत होते. आता त्या प्रजातीत तीन जाती आहेत : निलगिरीची, अनमलाई-पळणीची आणि शेंकोट्टाच्या दक्षिणेची, ह्या शेवटच्या जातीस तर २०१७ पर्यंत नावच नव्हते. दुसऱ्या प्रजातीत चार जाती असून त्यांपैकी एक वायनाडजवळच्या बाणासुर व आसपासच्या थोड्या शिखरांपुरतीच उरली आहे. इंग्रजी व्यवहारातही आता ह्या पक्ष्यांस शोलाकिळि आणि चिलप्पन अशी तेथील नावे रूढ होत आहेत, हे मला विशेष समाधानाचे वाटते. ह्या नावांत निदान कोणा परक्या कुलाचा दावा नाही. शास्त्रीय नामांत मात्र गंमत राहून गेली. चिलप्पनच्या नव्या प्रजातीचे जे लॅटिन नाव योजले त्याचा अर्थ ‘डोंगरातला कस्तूर’ असाच होतो.

शेवटी एका अभ्यासाचा उल्लेख करावयाचा आहे, कारण तो आपल्या शास्त्राच्या फारच जवळचा आहे. गायक पक्षी गाणे जन्मतः घेऊन येत नाहीत; पिल्ले ते मोठ्यांकडून ऐकून शिकतात. म्हणून त्यांच्या गाण्यास बोली पडतात. चेतना पुरुषोत्तम आणि रॉबिन यांनी २०१६ साली शोलाकिळींच्या गाण्यांची तुलना प्रसिद्ध केली. काही समूह प्राचीन खिंडींमुळे विभक्त झालेले होते आणि त्यांच्या डी. एन. ए.तही अंतर होते. काही समूहांमधील शोला अलीकडच्या काळात तोडल्या गेल्यामुळे त्यांचा परस्परसंबंध तुटलेला होता. गाण्यांत दोन्ही प्रकारच्या समूहांत भेद आढळला. पण गाण्याची जी लक्षणे प्राचीन विभागणीत बदललेली होती, त्यांहून निराळी लक्षणे जंगलतोडीच्या विभागणीत बदललेली होती. डोंगराच्या एका उतारावर चहाचे मळे लागले, आणि दोन्ही बाजूंच्या पिल्लांनी ऐकलेले गाणे एक राहिले नाही.